घास त्याचा, ताट तुमचं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अमळनेरचे. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे, डॉक्टर ए.एल.एल. म्हणतात. चार महिन्यांपासून परळला उपचार चालू आहेत. आम्ही दोघं मायलेकरं दादरला धर्मशाळेत राहतो. त्याचे वडील गावी शेती बघतात, महिन्यातून दोनदा येऊन जातात. मोठी मुलगी नणंदेकडे ठेवली आहे. पहिल्या महिन्यात स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, तेव्हा हा रात्री दोन वाजता उठून बटाट्याची भाजी-पोळी मागायचा आणि मी उठून करून द्यायचे. आता सगळं उलटं झालंय. कुकरची शिट्टी ऐकली तरी तोंड फिरवतो. मध्ये तोंडात फोड आले होते, ते बरे झाले तरी खात नाही. घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसतो. वजन १९ किलो होतं, आता १७ आहे. सासूबाई फोनवर म्हणतात, "दोन घास कोंब, आई असून तुला जमत नाही?" परवा मी त्याचं नाक दाबून वरणभात भरवला. सगळा ओकला आणि रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपला. डॉक्टर म्हणतात, वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालू. नळी घातली तर मी हरले असं मला वाटतं. काय करू?
— एक आई, अमळनेर (सध्या मुंबई)

उत्तर : ताई, आधी परवाच्या रात्रीचं बोलू, कारण पत्रात तुम्ही ते शेवटी लिहिलंय आणि तेच तुमच्या मनात सगळ्यात वर आहे.

आज संध्याकाळी, जेवणाच्या वेळेपासून दूर, त्याला जवळ घ्या आणि सरळ सांगा : "माझं चुकलं. मी घाबरले होते. आता तुला विचारल्याशिवाय तुझ्या तोंडात काही घालणार नाही." सहा वर्षांच्या मुलाला हे पुरतं कळतं. गेले चार महिने त्याच्या अंगात सुया, पाठीत इंजेक्शनं, तपासणीसाठी हाडातला मगज काढणं, सगळं त्याला न विचारता चाललंय. त्याच्या हातात राहिलेली एकच जागा म्हणजे त्याचं तोंड. तेवढं त्याचं त्याला परत द्या. आणखी एक कारण आहे, तेही स्पष्ट सांगते. नाक दाबून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी झालेल्या मुलाच्या फुप्फुसात अन्न गेलं तर ते फार महागात पडतं. त्यामुळे नाक दाबणं, हात धरून ठेवणं, झोपेत चमचा सरकवणं, हे आजपासून बंद.

तुम्हाला दोष देऊन मी हे लिहीत नाही. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून मी २२ वर्षं काढली. पहिल्या वर्षी लातूरकडच्या एका आईला मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं : रोज १४०० कॅलरी. दोन दिवसांनी ती मला जिन्याखाली दिसली. हातात शिऱ्याची वाटी, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, आज तीनशेच झाल्या." तिला मी आधार दिला असं मी समजत होते, आणि तिच्या हाती पडली होती रोज नापास होण्याची परीक्षा. त्या दिवसानंतर मी आईच्या हातात आकडा दिला नाही. आकडा माझ्या वहीत राहायचा. वजन आम्ही बघायचो, दंडाचा घेर आम्ही मोजायचो. आईने ताट मांडायचं.

आता तो खात का नाही ते बघू. "हट्ट" हा शब्द आधी बाजूला ठेवा.

स्टिरॉइड चालू असताना लागलेली ती राक्षसी भूक औषधाची होती. औषध थांबलं की ती ओसरते, बरोबर मूड आणि अंगातली ताकदही उतरते. तुम्ही दोन वाजताच्या पोळीशी आजच्या घासाची तुलना करताय आणि म्हणून तो जास्तच कमी खातोय असं वाटतंय. दुसरं, व्हिनक्रिस्टिन. हे किमोचं इंजेक्शन झाल्यावर काही दिवसांत काही मुलांचा जबडा दुखतो. पहिल्याच घासाला रडला किंवा गालाला हात लावला तर डॉक्टरांना सांगा, दुखण्यावर औषध देता येतं. याच इंजेक्शनाने आतड्याची हालचाल मंदावते आणि पोट घट्ट होतं. चार दिवस शौचाला न झालेलं मूल काय जेवणार? माझ्याकडे "खात नाही" म्हणून आलेल्या कितीतरी मुलांना आधी पोट साफ व्हायचं औषध लागलं. ते डॉक्टरांकडून घ्या. घरी एनिमा किंवा मागून घालायची वडी अजिबात नको, काउंट कमी असताना तिथे जखम होऊन जंतू शिरतात.

मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाने तोंडात फोड येतात. ते बरे झाले असं वरून दिसलं तरी घशात आत असू शकतात. तो पाणी गिळताना तोंड वाकडं करतो का, ते बघा. मऊ ब्रश, आणि दिवसातून चार-पाच वेळा चुळा : एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा. गिळायचं नाही, थुंकायचं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर बुरशी असते, तीही दाखवा. आणि चव. मोठी मुलं मला सांगायची, "सगळं लोखंडासारखं लागतं." लहानांना ते सांगता येत नाही, ती घास गालात धरून बसतात. स्टीलचा चमचा-वाटी बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून बघा.

कुकरच्या शिट्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या पत्राची किल्ली तिथे आहे.

अमेरिकेतल्या इलीन बर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोट बिघडवणारी किमो घेणाऱ्या मुलांना किमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी तेच आइस्क्रीम पुढे ठेवलं, तेव्हा बहुतेकांनी नको म्हटलं. ज्यांना किमोच्या आधी ते मिळालं नव्हतं, त्या मुलांना त्याची अशी किळस नव्हती. मळमळ औषधामुळे झाली हे मुलांना ठाऊक असलं तरी शरीर आपला हिशेब वेगळा ठेवतं : हे खाल्लं आणि मग पोट ढवळलं. तुमच्या लेकाने वरणभात, बटाट्याची भाजी, खिचडी हे सगळं किमोच्या दिवशीही खाल्लं असणार, कारण तुम्ही प्रेमाने त्याच्या आवडीचंच केलं असणार. आता कुकरच्या वासाबरोबर त्याला ओकारी आठवते. परवाच्या वरणभाताची त्यात आणखी भर पडली. वरणभात निदान महिनाभर त्याच्यासमोर आणूच नका.

याच संशोधकांनी १९८७ मध्ये पुढचा भाग दाखवला. जेवण आणि किमो यांच्या मधल्या वेळात मुलांना अनोळखी चवीची चघळायची गोळी दिली, तर पुढे त्या जेवणाची किळस कमी बसली. दोष गोळीने घेतला. बळीचा बकरा म्हणतो ना, तसंच. आमच्या वॉर्डात मी हे वर्षानुवर्षं वापरलं. किमोच्या दिवशी आवडीचं काही द्यायचं नाही, साधं थोडंसं काहीतरी द्यायचं आणि सुई लागायच्या आधी बडीशेपेच्या किंवा आल्याच्या चवीची एक गोळी, जी एरवी घरात कधीच येत नाही. तोंडात फोड असतील तर हे नको. उलटीचं औषध, म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन, कधी आणि किती वेळा द्यायचं हेही नीट विचारून घ्या. मळमळ सुरू झाल्यावर देण्यापेक्षा आधी दिलेलं जास्त लागू पडतं. उलटीचं औषध देऊनही तो ओकत असेल तर गप्प बसू नका, बदलून मागा.

वासाचं म्हणाल तर धर्मशाळेच्या सामायिक स्वयंपाकघरात एका वेळी दहा फोडण्या पडतात, ते तुमच्या हातात नाही. शेजारणीला सांगून ठेवा आणि फोडणीच्या वेळी त्याला गच्चीवर किंवा दारात घेऊन बसा. ताट झाकून आणू नका. झाकण उघडलं की कोंडलेली वाफ थेट त्याच्या नाकावर येते. कोमट किंवा गार पदार्थांना वास कमी असतो : गार दुधात कालवलेलं नाचणीचं सत्त्व, गार केलेली तांदळाची खीर, उकडलेलं अंडं. मात्र रांधलेलं दोन तासांच्या आत संपवा, आणि फ्रिज असला तरी कालचं आज नको.

तुमच्या जळगाव जिल्ह्याचं केळं या आजारात फार कामाचं आहे. साल असल्यामुळे आतून स्वच्छ, मऊ, चावायचा त्रास नाही आणि एका केळ्यात साधारण शंभर कॅलरी. दुधात कुस्करून त्यात चमचाभर घरी भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट घातलं की वाटीभर जेवणाचं काम होतं. दाणे निवडून घ्या, बुरशीचा वास येणारे टाकून द्या. साजूक तुपाचा एक लहान चमचा म्हणजे ४५ कॅलरी, तो मऊ भाताच्या पेजेत किंवा लापशीत दिसतही नाही. तोंड पूर्ण बरं झालं की त्याला बिबडं, म्हणजे आपला खानदेशी ज्वारीचा पापड, भाजून द्या. खारट, कुरकुरीत आणि घरचं. मुंबईच्या खोलीत अमळनेरचं बिबडं पाहून एखादं मूल हसतं, हे मी पाहिलंय. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, गाडीवरचा रस, कापून ठेवलेली फळं मात्र काउंट कमी असेपर्यंत नकोत. दह्याचं तुमच्या वॉर्डात विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम थोडा वेगळा असतो.

आता ताटाचं. दर दोन-अडीच तासांनी त्याच्यासमोर अगदी थोडं ठेवा : दोन चमचे खीर, केळ्याच्या तीन चकत्या. मोठ्या माणसाच्या मुठीएवढा ढीग पाहूनच त्याची भूक मरते. तुम्हीही शेजारी तुमचं ताट घेऊन बसा आणि खा. (तुम्ही दिवसाला किती जेवता, हे पत्रात नाही. मला अंदाज आहे.) वीस मिनिटांनी ताट उचला. खाल्लं तरी शाबासकी नको, नाही खाल्लं तरी उसासा नको. गालात घास धरला तर म्हणा, "नको असेल तर वाटीत थुंक." थुंकायची मुभा मिळाली की तोंडात घ्यायची भीती कमी होते. पहिले तीन-चार दिवस तो आणखी कमी खाईल, तुम्ही कासावीस व्हाल. तेवढे दिवस धरून ठेवा आणि वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना आधी कळवून ठेवा.

आणि नळी. ताई, १९ चे १७ झाले म्हणजे त्याच्या वजनाचा दहावा भाग गेला. एवढं वजन गेलेल्या मुलाला किमो जास्त त्रास देते, जंतुसंसर्ग लवकर होतो, कधी किमो पुढे ढकलावी लागते. म्हणून डॉक्टर नळी म्हणताहेत. ती शिक्षा म्हणून नाही, तुमच्या हाताला चव नाही म्हणूनही नाही. सलाइनची नळी लावली तेव्हा, आपण लेकराला पाणी पाजू शकलो नाही म्हणून हरलो, असं वाटलं होतं का?

ही नळी पातळ आणि मऊ असते. नाकापासून कानापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात, नाकातून सरकवतात, मूल घोट घोट पाणी गिळत असताना ती पोटात उतरते. ते क्षण वाईट असतात, खोटं सांगणार नाही. तो रडेल. पण मग गालाला चिकटपट्टी लागते आणि संध्याकाळपर्यंत पोरं खेळायला लागतात. नळी असताना बोलता येतं, झोपता येतं, तोंडाने खाताही येतं. तिचा फार मोठा उपयोग मी सांगते तो : दिवसाचं पोषण आणि कडू औषधं नळीतून गेली की ताटावरचं भांडण संपतं. मग त्याने केळ्याची एकच चकती खाल्ली तरी ती चव म्हणून, मजा म्हणून. नळीवाल्या कितीतरी मुलांनी पुन्हा खायला सुरुवात केली, ती कोणी मागे लागलं नाही म्हणून.

नाकाशी नळीवर एक खूण असते. दर वेळी भरवण्याआधी ती जागेवर आहे का बघायचं, नर्सने शिकवलेली तपासणी करायची, हात धुवायचे, त्याला टेकून बसवायचं, सावकाश द्यायचं, शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने नळी धुवायची. खोकला लागला किंवा दम लागला तर लगेच थांबून बोलवायचं. हे दोन दिवसांत येतं. शाळेची पायरी न चढलेल्या बायका माझ्यासमोर हे नर्सइतकं नीट करायच्या.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर घरी गोळी देऊन बसू नका, रात्र असली तरी निघा. अ‍ॅस्पराजिनेज इंजेक्शन चालू असताना पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ गेली आणि उलट्या लागल्या, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. दिवसभर पाणीही टिकलं नाही, लघवी कमी झाली, तरी जायचं.

सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी मुलाचे वडील आले की त्यांना ओपीडीत बरोबर न्या आणि डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना ऐकू द्या. मग फोनवर त्यांनीच आईला सांगावं : "कोंबायचं नाही, डॉक्टरांनी बंद केलंय." सासूबाईंना काम द्या. बिबडे पाठवायला सांगा, नाचणीचं सत्त्व करून पाठवायला सांगा. आजीचाही जीव तिथे बसून तुटतोय आणि तिच्या हाताला करायला काही नाही. आणि मोठ्या लेकीला रोज ठरलेल्या वेळी फोन करा, ज्यात भावाच्या जेवणाचा विषय निघणार नाही.

प्रश्न : माझ्या भाचीला (वय ४) हाच आजार आहे. मी तिच्यासाठी रोज गव्हांकुराचा रस आणि गुळवेलाचा काढा करून नेते. वहिनी घेत नाही, म्हणते डॉक्टरांना विचारते. नैसर्गिक गोष्टीला काय विचारायचं?
— एक आत्या, पुणे

उत्तर : वहिनी बरोबर करताहेत. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, उकळलेला नसतो. मातीतले जंतू त्यात येऊ शकतात आणि भाचीकडे सध्या त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी कमी आहेत. गुळवेलाबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आहेच. पण या मुलीला मिळणाऱ्या औषधांचा भार आधीच यकृतावर पडतो, त्यात वादातली वस्तू कशाला? दुकानातलं व्हिटॅमिनचं टॉनिकही विचारल्याशिवाय नको, कारण फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेटच्या कामात आडवं येऊ शकतं.

रोज जायची तुमची सवय मात्र मोडू नका. काढ्याऐवजी वहिनीसाठी गरम डबा न्या आणि ती जेवेपर्यंत भाचीजवळ बसा.

प्रश्न : मुलीचे उपचार संपून दीड वर्ष झालं. ती नऊ वर्षांची आहे, तपासण्या चांगल्या आहेत. पण अजून फक्त दहीभात, केळी आणि वेफर्स खाते. भाजी पाहिली की उठून जाते. घरचे म्हणतात, आता लाड पुरे.
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्या. दात घडत असताना किमो झालेल्या मुलांच्या दातांवर परिणाम झालेला असू शकतो, आणि चावताना दुखणारं मूल मऊ पदार्थच निवडतं. दात ठीक असतील, वजन-उंची वयाप्रमाणे चालली असेल, तर घाई नाही. जिभेची चव बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येते, किळस मात्र वर मी लिहिलंय तशी बराच काळ राहते, आणि ती दटावून जात नाही.

दहीभात काढून घेऊ नका. तोच तिचा भरवशाचा पदार्थ आहे. त्याच्या शेजारी, वेगळ्या वाटीत, रोज एक नवीन गोष्ट चमचाभर ठेवा. खायची सक्ती नाही, तिने ती नुसती ताटात राहू दिली तरी चालेल. भाजीला हात लागू द्या. आमच्याकडे उपचार संपलेली एक मुलगी तपासणीला यायची, ती कुठलीही हिरवी भाजी बघायची नाही. तिच्या आजोबांनी थंडीत मटार सोलायचं काम तिच्याकडे दिलं. ती शेजारी बसून सोलायची, आजोबा गप्पा मारायचे, मटार खा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की टोपलीत टरफलं खूप आणि वाटीत दाणे कमी पडताहेत. त्यांनी तेव्हाही काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी अर्धा किलो जास्त आणले.